प्रकाशाचा हिशोब

डिजिटल एसएलआर कॅमेरा ज्यांनी हाताळलाय त्यांना त्याच्या डोक्यावरची गोल चकती माहीत असेल. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर त्या चकतीवर एक हिरवा चौकोन असतो आणि शेजारी पी, टीव्ही, एव्ही, एम अशी अक्षरं. नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी चकती हिरव्या चौकोनावर आणून ठेवतात आणि पुन्हा तिला हात लावत नाहीत. त्यात काही चूक नाही. बटण दाबलं की फोटो निघतो, आणि दहातले आठ तरी बरे येतात. आपण मनात म्हणतो, कॅमेऱ्याने सगळं बरोबर केलं.

"बरोबर केलं" म्हणजे नक्की काय केलं, आणि ते बरोबर आहे हे कोणी ठरवलं, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. या प्रश्नाला चांगला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मजेदार आहे. त्यात रसायनशास्त्रज्ञ आहेत, समुद्राखालची तार टाकणारे आहेत, अगदी आइनस्टाइनसुद्धा आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा शाळेतला भाग. कॅमेऱ्यात प्रकाश किती जातो हे दोन गोष्टींवर ठरतं. भिंगाचं छिद्र किती उघडं आहे (अ‍ॅपर्चर) आणि ते किती वेळ उघडं आहे (शटर स्पीड). नळाखाली कळशी भरताना नळ पूर्ण सोडला तर ती पटकन भरते, बारीक धार सोडली तर वेळ लागतो. पण कळशी भरायची तेवढीच. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढतात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तसं छिद्र लहान, हे सगळ्यांनाच सुरुवातीला उलटं वाटतं. कारण साधं आहे: भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागलं की हा आकडा येतो. शटरचे आकडे १/३०, १/६०, १/१२५, १/२५० असे जातात आणि तिथेही दर पायरीला प्रकाश साधारण निम्मा. म्हणजे एफ ८ आणि १/१२५ या जोडीने जेवढा प्रकाश आत येतो, तेवढाच एफ ५.६ आणि १/२५० ने येतो, तेवढाच एफ ११ आणि १/६० ने. एकाने सोडलं की दुसऱ्याने धरायचं. झाला समतोल.

पण कळशीच्या उपमेत एक गोष्ट निसटते. कळशी कशीही भरली तरी पाणी तेच असतं. फोटोचं तसं नाही. मोठ्या छिद्राने काढलेल्या फोटोत मागचं सगळं धूसर होतं आणि चेहरा तेवढा उठून दिसतो. बारीक छिद्राने काढलेल्या फोटोत चेहऱ्याबरोबर मागचा डोंगरही स्पष्ट येतो. जलद शटरने उडी मारणारं पोर हवेत थिजतं, मंद शटरने त्याचा नुसता फराटा उमटतो. म्हणजे प्रश्न दोन आहेत. पहिला, एकूण प्रकाश किती घ्यायचा? दुसरा, त्या "किती"साठी कुठली जोडी निवडायची? पहिला मोजमापाचा प्रश्न आहे आणि दुसरा आवडीचा. कॅमेरा ऑटोमॅटिक होण्याचा सगळा इतिहास म्हणजे हे दोन्ही प्रश्न माणसाच्या हातून हळूहळू कसे सुटत गेले त्याची गोष्ट आहे.

सुरुवातीला यातला एकही प्रश्न फारसा भेडसावत नव्हता. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगजाहीर झाली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. दागेरने १८३८ साली एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला होता. त्यात रस्ता निर्मनुष्य दिसतो, कारण हलणाऱ्या घोडागाड्या आणि माणसं काचेवर (दागेरच्या बाबतीत चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर) उमटलीच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. फोटोत आलेल्या पहिल्या माणसांपैकी एक म्हणून तो अजरामर झाला, आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा.

त्या काळात शटर म्हणजे भिंगावरचं टोपण. टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण घालायचं. मिनिटांच्या हिशोबात पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले तर बिघडत नसे. छिद्र बदलायचं तर वेगवेगळ्या मापाची भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या असत, त्या भिंगाच्या नळीतल्या खाचेत सरकवायच्या. इंग्लंडच्या जॉन वॉटरहाऊसने ही युक्ती १८५८ साली काढली आणि त्या पट्ट्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. अंदाज बांधणं हे फोटोग्राफरच्या हातातलं कसब होतं, जसं भाकरी कधी उलटायची हे घड्याळ बघून कोणी ठरवत नाही.

गाडं अडलं ते फोटोच्या काचा फार जलद झाल्या तेव्हा. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचांची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा कारखान्यात तयार होऊ लागल्या. आता उन्हात सेकंदाचा एक अंश पुरायला लागला. टोपण काढून घालण्याइतका वेळच उरला नाही, म्हणून यांत्रिक शटर आलं. आणि अंदाज चुकला की काच फुकट, हे नव्याने सुरू झालं. सेकंदाचा पन्नासावा भाग मनात मोजता येत नाही ना!

मग मोजमापवाले आले. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड हे दोघे इंग्लंडमधल्या विडनेस या गावी रसायनांच्या कारखान्यांत नोकरी करणारे. फोटोग्राफी हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. प्रकाश दुप्पट केला तर काचेवरचा काळेपणा किती वाढतो हे त्यांनी चिकाटीने मोजलं आणि १८९० साली ते प्रसिद्ध केलं. फिल्मचं वागणं दाखवणारा जो वक्र पुढे फोटोग्राफीच्या प्रत्येक पुस्तकात छापला गेला, तो या दोघांचा. त्याआधी १८८८ साली त्यांनी अ‍ॅक्टिनोग्राफ नावाच्या एका सरकपट्टीचं पेटंट घेतलं होतं. वर्षातला दिवस, दिवसातली वेळ, हवा कशी आहे आणि काच किती जलद आहे हे जुळवलं की ती किती वेळ उघडायचं ते सांगायची. अमुक अक्षांशावर तमुक महिन्यात सूर्य किती वर असतो याचं कोष्टक तिच्यातच बसवलेलं. अर्थात इंग्लंडच्या अक्षांशावरचं कोष्टक मुंबईच्या चैत्रातल्या उन्हात घेऊन फिरण्यात काही अर्थ नव्हता.

याच सुमारास हेरेफर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्सने दुसरा मार्ग काढला. त्याच्या मीटरमध्ये प्रकाशाने काळा पडणारा कागदाचा तुकडा असे. तो कागद शेजारच्या ठरलेल्या रंगाइतका काळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि त्यावरून एक्स्पोजर काढायचं. पुढे त्याचे मीटर खिशातल्या घड्याळाएवढे झाले. (हाच वॉटकिन्स पुढे इंग्लंडमधली प्राचीन स्थळं सरळ रेषांवर वसलेली आहेत या सिद्धांतामुळे जास्त गाजला. माणसाला कशाबद्दल लक्षात ठेवतील काही सांगता येत नाही.)

या सगळ्या साधनांत डोळा माणसाचा होता. तो डोळा बदलला तो एका योगायोगाने. १८७३ साली विलोबी स्मिथ नावाचा तारखात्यातला इंजिनियर समुद्राखालच्या तारेची तपासणी करण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरत होता. त्यांचा विजेला होणारा विरोध एकसारखा राहीना. शोध घेता कळलं की उजेड पडला की विरोध कमी होतो. तीन वर्षांनी, १८७६ साली, अ‍ॅडम्स आणि डे या दोघांनी दाखवलं की उजेड पडल्यावर सेलेनियम स्वतःच वीज निर्माण करू शकतं. बॅटरी नाही, काही नाही. उजेड जास्त तर वीज जास्त, उजेड कमी तर वीज कमी. त्या विजेला एक नाजूक काटा जोडला की झाला लाईट मीटर! सांगायला एवढं सोपं, पण व्हायला १९३०चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीचा प्रसिद्ध मीटर १९३२चा. (ही कंपनी काढणारा एडवर्ड वेस्टन वेगळा आणि ढोबळ्या मिरचीचा तो विख्यात फोटो काढणारा एडवर्ड वेस्टन वेगळा.)

आता पुढची पायरी कोणालाही सुचावी. काटा प्रकाश मोजतोच आहे, तर त्यानेच कॅमेऱ्याचं छिद्र का फिरवू नये? ज्यांना सुचली त्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे. २७ ऑक्टोबर १९३६ रोजी अमेरिकेत एक पेटंट मंजूर झालं, प्रकाशानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचं. अर्जदार दोघे: गुस्ताव बकी आणि अल्बर्ट आइनस्टाइन. बकी हे क्ष-किरणांचे डॉक्टर. एक्स-रे स्पष्ट यावा म्हणून वापरतात त्या जाळीला आजही त्यांचं नाव आहे. आणि आइनस्टाइनला नोबेल मिळालं ते सापेक्षतेसाठी नव्हे, प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन का निघतात याच्या स्पष्टीकरणासाठी. त्यांच्या कॅमेऱ्यात सेलवर पडणाऱ्या प्रकाशानुसार कमी-जास्त पारदर्शक असलेला एक पडदा भिंगासमोर फिरायचा होता. हा कॅमेरा बाजारात काही आला नाही.

बाजारात आला तो कोडॅकचा सुपर सिक्स-२०, १९३८ साली. अडचण अशी होती की सेलेनियमची वीज इतकी क्षीण की तिने काटा हलेल, पण छिद्राच्या पाकळ्या हलवायची ताकद तिच्यात नाही. यावरची युक्ती मला फार आवडते. आपण बटण दाबायला लागलो की आधी काटा जिथे असेल तिथे चिमटीत पकडला जातो. मग एक छोटा दांडा पुढे सरकतो आणि त्या पकडलेल्या काट्याला टेकेपर्यंत जातो. तो किती अंतर गेला त्यावरून छिद्र किती उघडायचं ते ठरतं. म्हणजे काटा फक्त सांगतो आणि काम करतं आपलं बोट! पुढची तीसेक वर्षं असंख्य कॅमेरे याच तत्त्वावर चालले. सुपर सिक्स-२० मात्र चालला नाही. किंमत २२५ डॉलर, आणि त्याच कोडॅकचा पहिला ब्राउनी १९०० साली एका डॉलरला मिळत होता. जेमतेम सातशेच्या आसपास कॅमेरे बनले.

लक्षात घ्या, या कॅमेऱ्याने फक्त पहिला प्रश्न सोडवला होता. शटर स्पीड आपणच ठरवायचा. कॅमेरा त्याला शोभेल असं छिद्र निवडायचा. आवड माणसाची, हिशोब यंत्राचा. युद्धानंतर दुसरा प्रश्नही यंत्राकडे जायला लागला.

त्याची तयारी गणिताने करून दिली. १९५०च्या दशकात जर्मनीतल्या डेकेल या शटर बनवणाऱ्या कंपनीने छिद्र आणि शटर यांच्या सगळ्या समान जोड्यांना मिळून एकच आकडा द्यायची पद्धत आणली. एफ १६ आणि १/१२५ म्हणजे १५. एफ ११ आणि १/२५० म्हणजेही १५. काही कॅमेऱ्यांत दोन्ही कड्या एकमेकींना जोडलेल्या असत. एक फिरवली की दुसरी उलट दिशेने सोबत फिरे. १९६०च्या सुमारास अमेरिकन मानकांत हाच विचार पूर्ण झाला. छिद्राचा आकडा, वेळेचा आकडा, प्रकाशाचा आकडा आणि फिल्मच्या वेगाचा आकडा असे चार आकडे घेतले की गुणाकार-भागाकार सुटतात आणि नुसती बेरीज उरते: छिद्र अधिक वेळ बरोबर प्रकाश अधिक फिल्म. हिरव्या चौकोनाशेजारच्या त्या "टीव्ही"चा दूरदर्शनशी काही संबंध नाही, तो या बेरजेतला वेळेचा आकडा, आणि "एव्ही" हा छिद्राचा. आपल्या डिजिटल फोटोच्या फाईलमध्ये जी माहिती लपलेली असते तिच्यातही हे आकडे अजून लिहिले जातात.

आणि मग १९५९ साली आगफाचा ऑप्टिमा आला. त्यात छिद्रही कॅमेरा ठरवायचा आणि वेगही. बटण दाबायचं, आत हिरवा दिसला तर फोटो काढायचा, लाल दिसला तर उजेड पुरेसा नाही. चकतीवरच्या हिरव्या चौकोनाचा पूर्वज मला या हिरव्या खुणेत दिसतो. कुठल्या प्रकाशाला कुठली जोडी हे कारखान्यातच एका ठरलेल्या रेषेत बसवून दिलेलं होतं. आवडीचा प्रश्नही आता माणसाकडे राहिला नाही.

ही आवड किती ठाशीव असू शकते याचं उत्तम उदाहरण म्हणजे ऑलिंपसचा ट्रिप ३५. १९६७ला आलेला हा कॅमेरा १९८४पर्यंत बनत होता. भिंगाभोवती मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसणारी काच, तिच्यामागे सेलेनियम, बॅटरी मुळीच नाही. शटरचे वेग दोनच: १/२०० आणि १/४०. उजेड असेल तर १/२००, नसेल तर १/४०, आणि त्यालाही पुरत नसेल तर दृश्यचौकटीत लाल पट्टी वर येते आणि बटण दाबूनही फोटो निघत नाही. फिल्म वाया जाऊ नये म्हणून कॅमेरा चक्क नकार देतो. लाखो कुटुंबांच्या सहली, बारशी, समुद्रकिनारे या दोन वेगांत नोंदले गेले. त्या माणसांच्या आठवणीत लाटेचा फराटा नाही, कारण एका इंजिनियरने १/४०पेक्षा मंद काही ठेवलंच नव्हतं. तो निर्णय समंजस होता. कॅमेरा हातात धरून, सुट्टीवर, हलणाऱ्या पोरांचे फोटो काढणाऱ्या माणसासाठी घेतलेला होता. पण तो निर्णय होता, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे घराघरांत होता तो आगफाचा क्लिक थ्री, बडोद्याला बनणारा. त्यात सेलेनियम नाही, काटा नाही. ऊन आणि ढग अशी चित्रं, आणि त्यातलं एक निवडायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, रोलमध्ये फोटो बाराच, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी आभाळाकडे बघून घरभर चर्चा. उणीव भरून काढायचा तो गावातला फोटो स्टुडिओवाला. निगेटिव्ह फिल्म चुका पुष्कळ सहन करते. थोडी फिकी किंवा थोडी दाट निगेटिव्ह आली तरी कागदावर उतरवताना तो माणूस डोळ्यांनी अंदाज घेऊन वेळ कमी-जास्त करायचा. आपल्या जुन्या अल्बममधले चेहरे नीट दिसतात याचं बरंच श्रेय अंधाऱ्या खोलीतल्या त्या अनामिक माणसाला आहे. तिकडच्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांच्या चुकाही असेच कुणीतरी झाकत होतं.

पुढची वीस वर्षं जपानची. मीटरचा डोळा आधी भिंगाबाहेर होता, तो १९६३च्या टॉपकॉनमध्ये कॅमेऱ्याच्या आत, भिंगातून आलेला प्रकाश मोजायला बसला. मग दोन पंथ झाले. कॅनन आणि कोनिका म्हणत, शटर माणसाने ठरवावं आणि छिद्र आम्ही बघतो. पेंटॅक्स, ऑलिंपस, निकॉन म्हणत, छिद्र माणसाने ठरवावं आणि वेळ आम्ही बघतो. तत्त्वज्ञानाचा वाद वाटतो, पण त्यात यंत्राचा भागही होता. शटर विजेवर चालायला लागल्यावर वेळ बदलणं सोपं होतं. छिद्र बदलायचं तर भिंगातल्या पाकळ्या कॅमेऱ्याला बाहेरून हलवाव्या लागत आणि त्यासाठी भिंगांत तशी सोय लागे. १९७६च्या कॅनन एई-१ मध्ये हा हिशोब करायला चक्क मायक्रोप्रोसेसर होता, आणि तो कॅमेरा लाखोंनी खपला. १९७७ साली मिनोल्टाने एकाच कॅमेऱ्यात दोन्ही पंथ आणले. १९७८ला कॅनन ए-१ने तिसरी सोय दिली: दोन्ही आम्हीच ठरवतो. १९८५च्या मिनोल्टा ७०००ला तर लांब भिंग आहे की रुंद हे बघून वेगवेगळा कल ठेवता येत होता, कारण लांब भिंगात हात हलल्याचं चटकन दिसतं.

म्हणजे आवड आता बऱ्यापैकी शहाणी झाली. पण पहिला प्रश्न, "एकूण किती", तो सुटला होता का? खरी मेख इथे आहे.

मीटरला समोर काय आहे हे कळत नाही. त्याला फक्त उजेड किती आला ते कळतं. पांढरी भिंत सावलीत आहे की काळी भिंत उन्हात, हे त्याला सांगता येणार नाही, कारण दोन्हीकडून सारखाच उजेड येऊ शकतो. म्हणून मीटर बनवणाऱ्यांनी एक गृहीतक धरलं. जगातली बहुतेक दृश्यं सरासरीने मध्यम करडी असतात, तेव्हा समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं समजून हिशोब करायचा. सरासरी दृश्याला हे छान जमतं. पण बर्फाचा फोटो काढा, मीटर त्याला करडा करतो. काळं मांजर काढा, तेही करडं होतं. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास झोन सिस्टिम बांधली, तिचं सार हेच की मीटर सांगतो ते ऐकायचं, पण समोरची वस्तू किती उजळ दिसायला हवी ते आपण ठरवायचं.

आता वारीचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. जेठच्या शेवटाचं किंवा आषाढाचं, ढग फाटून मध्येच पडलेलं ऊन. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि त्यात शेतात रापलेला चेहरा. मीटरला चौकटभर पांढरं दिसतं. तो म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. मग धोतर करडं होतं आणि चेहरा काळवंडतो. डोळे, सुरकुत्या, हसू सगळं त्या काळोखात जातं. कॅमेऱ्याचा हिशोब चोख असतो. फक्त ज्याच्यासाठी फोटो काढला तो माणूसच त्या हिशोबात नसतो. लग्नाच्या अल्बममध्ये पांढऱ्या कपड्यातल्या सावळ्या नवरदेवाचं असंच होतं. घरात कुणी म्हणतं, "फोटोत फारच काळा आलाय," आणि सगळे हसतात. तो हसण्याचा विषय होतो, आणि दोष कॅमेऱ्याचा असून ओझं चेहऱ्यावर पडतं.

हा दोष कुणी मुद्दाम ठेवला असं नाही. पण सरासरी कुणाची धरली, हा प्रश्न उरतोच. रंगीत फोटो छापताना रंग बरोबर आले का ते ताडून बघायला कोडॅक प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो देत असे. त्याला "शर्ली कार्ड" म्हणत, आणि कित्येक वर्षं त्यावर गोऱ्या कातडीची स्त्री असे. तिची कांती बरोबर आली की मशीन बरोबर. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यावं.

करड्या सरासरीच्या पुढे जायचा पहिला मोठा प्रयत्न १९८३च्या निकॉन एफएमध्ये झाला. त्यात चौकटीचे पाच भाग करून प्रत्येकाचा उजेड वेगळा मोजला जाई आणि त्या मांडणीवरून हे दृश्य कुठल्या प्रकारचं असावं याचा अंदाज बांधला जाई. वर आभाळ आहे का, मध्ये काही गडद आहे का. १९९६च्या निकॉन एफ ५ मध्ये पाचाचे १००५ ठिपके झाले, तेही रंग ओळखणारे, आणि अंदाजासाठी ३०,०००हून जास्त दृश्यांची माहिती कॅमेऱ्यात साठवलेली. विचार केला तर हा फार मोठा बदल आहे. आता कॅमेरा सरासरी काढत नव्हता, आठवत होता. पण आठवत होता ते दुसऱ्या कुणीतरी गोळा केलेलं. त्या तीस हजारांत पांढऱ्या टोप्यांखालचे रापलेले चेहरे किती असतील?

मोबाईलने तर जुना करारच मोडला. बहुतेक मोबाईलमध्ये भिंगाचं छिद्र बदलतच नाही. समतोल उरतो तो वेळ आणि सेन्सरची संवेदनशीलता यांच्यात. शिवाय गूगलने २०१३पासून आपल्या फोनमध्ये आणलेल्या पद्धतीत एका दाबात अनेक छोटे फोटो निघतात आणि ते एकत्र करून एक बनवला जातो. मागचं धूसर करणं हे छिद्राचं काम होतं, तेही गणिताने व्हायला लागलं. आणि २०२१ साली गूगलने पिक्सेल ६ बरोबर जाहीर केलं की सावळ्या आणि काळ्या माणसांचे फोटो नीट यावेत म्हणून चेहरा ओळखण्यापासून एक्स्पोजर ठरवण्यापर्यंतची सगळी पद्धत अधिक वेगवेगळ्या रंगांच्या माणसांच्या फोटोंवर पुन्हा बेतली आहे. सुपर सिक्स-२० पासून धरली तर त्र्याऐंशी वर्षं. उशीर झाला, पण निदान प्रश्न मोजमापाचा नसून माणसाचा आहे हे उघडपणे मान्य झालं.

माझा ऑटोमॅटिकला विरोध मुळीच नाही. टोपण काढून आकडे मोजण्याच्या काळात जायची मला अजिबात हौस नाही, आणि ज्या आजींनी कधी छिद्राचा आकडा ऐकला नाही त्या आज नातवाचा सुरेख फोटो काढतात, याचा आनंदच आहे. एवढंच वाटतं की "ऑटो" या शब्दाने आपली थोडी फसगत होते. कॅमेरा आपोआप ठरवतो असं आपण म्हणतो, पण आपोआप काहीच ठरत नाही. विडनेसच्या त्या दोन हौशी लोकांनी, म्युनिकच्या आणि टोकियोच्या इंजिनियरांनी, कुठल्याशा प्रयोगशाळेत फोटोंचा ढीग निवडणाऱ्यांनी ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आपण बटण दाबतो तेव्हा त्यांचं मत अमलात येतं. बहुतेक वेळा ते चांगलं मत असतं.

जेव्हा नसतं, तेव्हासाठी जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं एक छोटं बटण ठेवलेलं आहे. मोबाईलवरही चेहऱ्यावर बोट टेकवून वर सरकवलं की तेच होतं. तांत्रिक पुस्तकांत त्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन असं जड नाव आहे. मला ते बनवणाऱ्यांचा मोठेपणा वाटतो. एवढा हिशोब करूनही आपला हिशोब चुकू शकतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तशी जागा सोडली. पुढच्या वारीला, पुढच्या लग्नाला ते बटण एक घर अधिककडे सरकवून बघा. धोतर पांढरं येईल आणि त्यातला माणूस दिसेल. बाकी प्रकाशाचा हिशोब कॅमेरा बघून घेईलच.